बेल वाजली की कुत्रा घर डोक्यावर घेतो: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

या एकाच तक्रारीसाठी मी पुण्यातल्या इतक्या इमारतींचे जिने चढले आहे की आता दोन मजले खालूनच, वरून येणाऱ्या भुंकण्यावरून, अर्धं निदान होतं. फोनवरचं पहिलं वाक्यही ठरलेलं असतं: "बाकी खूप शहाणा आहे हो आमचा, फक्त ते बेलचं तेवढं बघा." बघायला जावं, तर बेल दाबल्यावर आतून कुत्र्याचा एक आवाज आणि माणसांचे चार. दार वीतभर उघडतं. फटीत एक नाक, त्या नाकाला मागे रेटणारा एक पाय, आणि वर कसनुसं हसणारा चेहरा.

मानसशास्त्रात एम.ए. करताना पावलॉव्ह, थॉर्नडाइक आणि स्किनर मी टिपा लिहिण्यापुरते पाठ केले होते. ते समजले मात्र अशा अर्धवट उघड्या दारांत उभं राहून. या बिघाडात कुत्रा जवळजवळ नेहमी दोन वेगळ्या गोष्टी शिकलेला असतो आणि घरचे त्यांचा गुंता करून ठेवतात. बेल वाजली की पुढे काय घडतं, ही एक. भुंकलं की काय मिळतं, ही दुसरी. एकीचं औषध दुसरीला लागू पडत नाही. पुढची सगळी तपासणी याच दोन प्रश्नांभोवती फिरते, म्हणून ते आधीच सांगून ठेवले.

लक्षणं

तुमच्या घरी यातलं काय काय होतं, त्यावर खूण करा.

- बेल वाजताक्षणी भुंकणं सुरू होतं. कोण आलंय हे दिसायचंही असतं अजून.
- टीव्हीवरच्या मालिकेत बेल वाजली, शेजारच्यांची वाजली, तरी तेच.
- पाहुणे आत येऊन बसले की पाच मिनिटांत शांत होतो, शेपूट हलवतो, मांडीवर डोकं ठेवतो.
- किंवा याच्या उलट: पाहुणे बसले तरी सोफ्यामागून गुरगुर चालूच, अंग ताठ, नजर हलत नाही. (हे लक्षण वेगळं आहे. याच्यावर खूण केली असेल तर तपासण्या सोडून थेट 'इथे थांबा' या भागाकडे जा.)
- कुरिअरवाला गेला की लढाई जिंकल्यासारखा घरभर मिरवतो.
- ओरडलं की आणखी जोरात भुंकतो.
- "आधी असा नव्हता हो." आधी म्हणजे दिवाळीआधी, घर बदलण्याआधी, बाळ येण्याआधी.

तपासणी १: पेन्सिल आणि भिंतीवरचं कॅलेंडर

खर्च काही नाही, वेळ तीन दिवस. दर वेळी बेल वाजली की कॅलेंडरच्या मागच्या बाजूला चार गोष्टी लिहा: वेळ, कोण आलं, कुत्रा किती वेळ भुंकला, आणि तो भुंकत असताना घरातल्या कोणी काय केलं. चौथा रकाना लिहायची लोकांना लाज वाटते. नेमका तोच मला हवा असतो.

हे आधी करायचं कारण असं की आठवण फसवते. "दिवसभर भुंकतो" म्हणणाऱ्या एका काकूंच्या कॅलेंडरवर तीन दिवसांत अकरा नोंदी निघाल्या आणि त्यातल्या नऊ सकाळी सात ते नऊच्या: दूध, पेपर, कचरा, कामाच्या मावशी. तिथे निम्मा उपाय दूधवाल्याला "बेल वाजवू नका, पिशवी दाराला अडकवा" सांगण्याचा होता. तेवढ्याने कुत्रा काही नवं शिकला नाही, हे खरं. पण सराव थांबला. रोज सकाळी चार वेळा जे घटवून घेतलं जातं ते पक्कंच होत जातं, त्यामुळे बाकीचं काम सुरू करण्याआधी फुकटची उजळणी बंद केलेली बरी.

तपासणी २: बेल की माणूस?

आपल्या बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा. घरात सगळे असताना, दार बंद असताना, अगदी हळू आवाजात वाजवा. कान टवकारले, पण भुंकला नाही? थोडा आवाज वाढवा. कुठल्या पातळीला पहिलं भुंकणं येतं ते लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. मग उलटी परीक्षा: घरातल्या एखाद्याने बाहेर जाऊन बेल न वाजवता दारावर हलकी टकटक करायची.

बेलवर भुंकतो आणि टकटकीवर नाही, म्हणजे त्याच्या लेखी बेल ही खूण झाली आहे. दोन्हींवर भुंकतो, म्हणजे दाराबाहेर कोणीतरी असणं हाच मुद्दा आहे आणि काम थोडं लांबेल.

पावलॉव्ह इथेच उपयोगी पडतात. सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेत ते कुत्र्यांच्या पचनाचा अभ्यास करत होते. त्यांना १९०४ साली नोबेल मिळालं तेही पचनावरच्या कामासाठी. लाळ मोजताना दिसलं की अन्न तोंडात पडण्याआधीच, खायला घालणारा माणूस नजरेस पडला किंवा त्याची पावलं वाजली तरी लाळ सुटते. मग ते खाणं देण्याआधी मुद्दाम एखादी खूण देऊ लागले. लोकांच्या लक्षात त्यातली फक्त घंटा राहिली आहे. तिथे मेट्रोनोम (ठराविक लयीत टकटक करणारं यंत्र) वापरत, बझर वापरत, दिवे वापरत. खूण कसली आहे याला फारसं महत्त्व नव्हतं. तिच्या पाठोपाठ काय येतं, यावर सगळं ठरत होतं. पुस्तकात याला अभिजात अभिसंधान म्हणतात. तुमच्या घरी बेलच्या पाठोपाठ अनोळखी माणूस, धावपळ आणि आरडाओरडा येतो. कुत्र्याच्या पोटात जे कालवतं ते त्याच्या हातात नाही, जशी त्या कुत्र्यांची लाळ त्यांच्या हातात नव्हती. म्हणून "ऐकत नाही" हा शब्द मी घरच्यांना निदान पहिल्या आठवड्यात तरी वापरू देत नाही.

मालिकेतल्या बेलवर भुंकणं हेही पावलॉव्हनी पाहिलेलंच. एका सुराला शिकलेला कुत्रा जवळच्या सुरांनाही प्रतिसाद देतो. याला सामान्यीकरण म्हणतात. यातून एक स्वस्त युक्ती निघते: बेलचा सूर अगदी वेगळा करून टाका. बाजारात साधी नवी बेल फार महाग नसते. नव्या सुराला जुना इतिहास चिकटलेला नसतो. पण फक्त सूर बदलून थांबलात तर पुढचे काही आठवडेच बरे जातात. नव्या सुरामागे तोच गोंधळ आला की तोही जुना होतो. सूर बदलायचा तो तपासणी ६ सुरू करण्याच्या दिवशी, त्याआधी नाही.

तपासणी ३: भूक, चाल, खिडकी

यावर फार लिहिण्यासारखं नाही. दिवसातून दोनदा नीट फिरवता का? गॅलरीतून किंवा दाराच्या जाळीतून जिना दिसतो का? दिसत असेल तर खालच्या अर्ध्या भागाला कागद लावा. आणि शिकवणी जेवणानंतर घेता का? थॉर्नडाइक यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मांजरांना पेटीत कोंडलं होतं आणि बाहेर मासा ठेवला होता. मांजरं भुकेली होती, म्हणून तर धडपडली. पोट भरलेल्या लॅब्रेडॉरला पोळीचा तुकडा दाखवून काही शिकवायला जाणं म्हणजे आपणच आपला वेळ घालवणं. (लॅब्रेडॉरचं पोट कधी भरतं का, हा वेगळा प्रश्न.)

तपासणी ४: घरातली माणसं

सगळ्यात जास्त बिघाड मला इथे सापडतो, आणि सगळ्यात जास्त वादही इथेच होतात.

थॉर्नडाइकची मांजरं आधी ओरबाडत, चावत, पंजे बाहेर काढत. कधीतरी चुकून दोरी ओढली जाई आणि पेटी उघडे. पुढच्या खेपेला थोडा कमी वेळ लागे, मग आणखी कमी. डोक्यात एकदम प्रकाश पडल्याचं काही चिन्ह नव्हतं, वेळ हळूहळू उतरत गेला. ज्या कृतीमागून बरं काही येतं ती टिकते, हा त्यांचा परिणामाचा नियम. स्किनर यांनी पुढे तोच धागा उंदीर आणि कबुतरांवर कसून तपासला आणि त्याला साधक अभिसंधान हे नाव मिळालं.

आता कॅलेंडरचा चौथा रकाना काढा. एका घरी तो असा होता. मुलगा: "गप्प बस ओरडलो." सूनबाई: "उचलून आतल्या खोलीत नेलं." आजोबा: "बिस्किट दिलं." मी आजोबांना विचारलं, बिस्किट कधी दिलंत? "भुंकायला लागला की लगेच. तोंडात काही असलं म्हणजे गप्प बसतो ना तो." बरोबर होतं त्यांचं, बसतो. पण हिशोब कुत्र्याच्या बाजूने मांडून बघा: बेल वाजली, मी भुंकलो, बिस्किट आलं. आजोबा त्याला रोज पगार देत होते. आणि मुलाचं ओरडणं? दिवसभर एकट्या पडलेल्या कुत्र्याकडे सगळं घर वळून बघतं आणि त्याच्या सुरात सूर मिसळून भुंकतं, असंच ते त्याला वाटत असणार.

इथे प्रश्न येतो: "पण आम्ही तर कधीतरीच देतो, दर वेळी कुठे?" हे 'कधीतरी' फार महागात पडतं. यामागे स्किनर यांनी स्वतः सांगितलेला एक किस्सा आहे. त्यांच्या प्रयोगात उंदराने दांडी दाबली की खाऊची गोळी मिळे, आणि त्या गोळ्या ते स्वतःच एका यंत्रावर बनवत. एका शनिवारी दुपारी साठा पाहिला, तर सोमवारी सकाळी साडेदहापर्यंत गोळ्या संपतील असा हिशोब निघाला. सुट्टी यंत्रापाशी घालवण्यापेक्षा त्यांनी दर वेळी गोळी देणं बंद करून मिनिटाला एकच द्यायचं ठरवलं. उंदीर दांडी दाबतच राहिले. पुढे चार्ल्स फर्स्टर यांच्याबरोबर त्यांनी १९५७ साली अशा वेळापत्रकांवर जाडजूड ग्रंथच काढला. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसावर टिकलेली सवय, रोज मिळणाऱ्या बक्षिसावरच्या सवयीपेक्षा मोडायला कठीण असते. घरातले तिघं ठाम राहिले आणि आजोबा आठवड्यातून दोनदा विरघळले, तर तुम्ही कुत्र्याला भुंकण्याची चिकाटी शिकवत आहात.

उपाय: सगळ्यांची एकदा बैठक घ्या. भुंकणं चालू असताना कोणी बोलायचं नाही, हात लावायचा नाही, खाऊ द्यायचा नाही. भुंकणं थांबून दोन-तीन सेकंद गेले की मग शाबासकी आणि तुकडा. आजोबांचं बिस्किट बंद करू नका, त्यांना वाईट वाटतं. त्याची वेळ तेवढी बदला.

आणि आधीच सांगते: तिसऱ्या-चौथ्या दिवशी भुंकणं वाढेल. फळ मिळायचं बंद झालं की प्राणी आधी जोर लावतो. लिफ्टचं बटण लागलं नाही की आपण ते पाच वेळा, मग मुठीने दाबतो, तसंच. नेमक्या याच दिवशी लोक हात टेकतात आणि "आज फारच करतोय, दे बाबा काहीतरी" होतं. म्हणजे तुम्ही त्याला शिकवलं की मध्यम भुंकून भागत नाही, शिखर गाठावं लागतं. पुढचे सात-आठ दिवस तग धरता येणार नसेल (घरात परीक्षा आहे, कोणी आजारी आहे, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच नोटीस आली आहे) तर ही तपासणी आत्ता सुरूच करू नका. अर्धवट केलेली ही पायरी न केलेल्यापेक्षा वाईट.

तपासणी ५: कुरिअरवाला

माणसं सुधारली तरी एक पगार चालू राहतो, तो तुम्ही देत नसता. कुत्रा भुंकतो, कुरिअरवाला जातो. तो तसाही जाणारच होता, पण कुत्र्याला ते कुठे माहीत? त्याच्या वहीत लिहिलं जातं: भुंकलो, संकट टळलं. नको असलेली गोष्ट दूर झाल्यामुळे सवय पक्की होणं, याचं नाव ऋण प्रबलन. परीक्षेत अर्धा वर्ग याला शिक्षा म्हणून लिहून येतो. शिक्षेने वागणं कमी व्हायला हवं, प्रबलनाने वाढतं. मिरवणारा कुत्रा एकदा बघितला की ही चूक पुन्हा होत नाही.

हा धागा तोडायला एखादा ओळखीचा, धीराचा माणूस लागतो. तो बेल वाजवून दाराबाहेर उभा राहील आणि भुंकणं चालू असेपर्यंत जाणार नाही. कुत्रा क्षणभर थांबला की मगच दोन पावलं मागे. सोसायटीचे वॉचमन काका चहाच्या बोलीवर हे छान करतात. एका बैठकीत चार-पाच वेळा, त्याहून जास्त नको. पण कुत्रा घाबरून भुंकतोय असं दिसलं (शेपूट पोटात, कान मागे, अंग मागे झुकलेलं) तर हा प्रयोग लगेच बंद करा. घाबरलेल्याला त्याच्या भीतीसमोर उभं करून ठेवण्यात शिक्षण नाही. त्याच्यासाठी पुढची पायरी आहे.

तपासणी ६: बेलचा अर्थ बदलणं

हा खरा दुरुस्तीचा भाग. वेळ लागतो, पण अवघड नाही. कल्पना शंभर वर्षांची आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, तीन वर्षांच्या आतल्या एका मुलाची सशाची भीती घालवली. तो आवडीचं खात बसलेला असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवायचा, आणि तो निवांत आहे असं पाहून थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला आपली बोटं कुरतडू द्यायला लागला.

आपल्याकडे सशाच्या जागी बेल आहे. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करा. शाकाहारी घरात पनीर चालतं. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट यांतलं काही नको, कुत्र्यांना ते बाधतं. तपासणी २ मध्ये ज्या पातळीला तो भुंकला, त्याच्या खालच्या आवाजात मोबाइलवर बेल वाजवा. एका सेकंदात तुकडा द्या. पुन्हा शांतता. अर्ध्या-एक मिनिटाने परत. आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा. दोन-तीन दिवसांनी तो बेल ऐकून दाराऐवजी तुमच्या हाताकडे बघायला लागेल. ते वळणं दिसलं की आवाज एक पायरी वाढवा. मोबाइलवरची पूर्ण बेल झाली की खरी बेल, मग बाहेर खरा माणूस.

कागदावर हे इतकं सोपं दिसतं की बिघडतं कुठे, असं वाटेल. तीन जागी बिघडतं.

पहिली, क्रम. आधी बेल, मग तुकडा. तुकडा दाखवून मग बेल वाजवली तर बेल कशाचीच चाहूल देत नाही.

दुसरी मला शोधायला सर्वात जास्त वेळ लागला. एका घरी सगळं नियमाने चालू होतं आणि तीन आठवड्यांत काडीचाही फरक नाही. मी तिथे बसून नुसतं पाहिलं. वहिनी आधी फ्रीज उघडायच्या, डबा काढायच्या, झाकण टक्‌कन वाजायचं, आणि मग मुलगी बेल वाजवायची. कुत्रा त्या झाकणावर इतका जीव टाकत होता की बेल ऐकायची त्याला गरजच उरली नव्हती. १९६०च्या दशकाच्या शेवटी लिऑन कॅमिन यांनी उंदरांवर हेच दाखवलं. एका आवाजामागून विजेचा झटका येतो हे उंदीर शिकले. मग त्याच आवाजाबरोबर दिवाही लावला. दिव्याबद्दल ते फारसं काही शिकलेच नाहीत, कारण आवाजाने सगळं आधीच सांगून टाकलं होतं. तेव्हा तुकडे अर्धा तास आधीच काढून वाटीत, उंच जागी, झाकणाशिवाय ठेवा. पिशवीची चुरचूर नको, खिशात हात घालणं नको.

तिसरी जागा अशी की तोच तुकडा दिवसभर येता-जाता मिळत असतो. रॉबर्ट रेस्कोर्ला यांनी १९६८ साली दाखवलं की खुणेबरोबर आणि खुणेशिवाय झटका मिळण्याची शक्यता सारखीच ठेवली, तर उंदीर त्या खुणेला घाबरायला शिकतच नाहीत. दोन गोष्टी नुसत्या सोबत येऊन पुरत नाही, खुणेने काहीतरी बातमी द्यायला हवी. चिकन बेलनंतरच मिळालं पाहिजे. हे तीन आठवडे जेवणाच्या टेबलाखाली मायेने काही सोडू नका.

तपासणी ७: चटई

बेल ऐकून तो तुमच्याकडे बघायला लागला की त्याला काम द्या. दारापासून सात-आठ फुटांवर चटई टाका. आधी चटईवर नुसता पाय पडला तरी तुकडा, मग चारही पाय, मग बसणं, मग बसून राहणं. हे सगळं बेलविना पक्कं करा, बेल नंतर जोडा. दोन आठवडे धरा.

इथे जातीचा विचार करा. केलर आणि मॅरियन ब्रेलँड हे स्किनर यांच्या हाताखाली तयार झालेलं जोडपं प्राण्यांना खेळ शिकवण्याचा व्यवसाय करत असे. १९६१ साली त्यांनी आपल्या फसलेल्या प्रयोगांवर एक लेख लिहिला. नाणी डब्यात टाकायला शिकवलेला रॅकून (अमेरिकेतला एक छोटा प्राणी) दोन नाणी हातात आली की ती सोडेचना, एकमेकांवर घासत बसायचा, खाणं लांबलं तरी. रक्तातलं वागणं शिकवणीवर मात करून जातं. स्पिट्झ किंवा बीगल बेलला अजिबात भुंकणार नाही ही अपेक्षा मी तरी ठेवत नाही. दोनदा भुंकून चटईवर गेला, की माझ्या हिशोबी काम झालं. ज्यांना पूर्ण मुका कुत्रा हवा असतो त्यांना मी मासे पाळायला सांगते. ते रागावतात.

बरं झालेलं परत येतं तेव्हा

महिनाभर शांत होता, सगळे आठ दिवस गावाला गेले, परतल्यावर पहिल्याच बेलला पुन्हा तेच. मला फोन येतो: "सगळं वाया गेलं." काही वाया गेलेलं नसतं. पावलॉव्हनी लाळेची सवय मोडून दाखवली आणि थोडा वेळ जाऊ दिला, तर ती आपोआप परतली. तिचं नाव उत्स्फूर्त पुनःप्राप्ती. जुनं शिकणं पुसलं जात नाही, त्याच्यावर नवं बसतं. तपासणी ६ तीन दिवस पुन्हा करा, या वेळी लवकर बसेल. घर बदललं तरी हेच करा.

गणपतीच्या दिवसांत दहा मिनिटांनी एकदा बेल वाजते. त्या काळात शिकवणी नको, दार उघडं ठेवा, बेलचा स्विच बंद करा आणि कुत्र्याला आतल्या खोलीत पंख्याखाली ठेवा. दिवाळीची गोष्ट वेगळी. फटाक्यांनी खरोखर हादरलेला कुत्रा शिकलेलं सगळं काही काळ गमावू शकतो. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला (म्हणजे त्याच सेंट पीटर्सबर्गला) पूर आला, पाणी पावलॉव्ह यांच्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत शिरलं आणि त्यांना पोहत बाहेर काढावं लागलं. काही कुत्र्यांच्या पक्क्या झालेल्या सवयी त्यानंतर नाहीशा झाल्या. त्या परत आणल्यावर एका कुत्र्याच्या खोलीत नुसता पाण्याचा ओघळ सोडला, तर तो पुन्हा बिघडला. अशा कुत्र्याला आधी आठवडाभर काहीही न शिकवता राहू द्या.

इथे थांबा

पुढच्यापैकी काहीही असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा.

कुत्र्याने कोणाला चावलं असेल, दात लावले असतील, किंवा हवेत चावा घेतला असेल. चावा लागला असेल तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या इंजेक्शनबद्दल विचारायचं, कुत्रा घरचा आणि लस घेतलेला असला तरी. त्यानंतर कुत्र्याचं वागणं तपासणारा जाणकार, तोही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. घरात लहान मूल असेल तर एक दिवसही थांबू नका.

सात-आठ वर्षांचा शांत कुत्रा अचानक भुंकायला लागला असेल. कान दुखणं, सांधे दुखणं, नजर किंवा ऐकू येणं कमी होणं यातलं काहीही असू शकतं. दुखण्यावर चिकनचे तुकडे हा उपाय नाही.

बेलच्या वेळी नेहमीचं आवडतं चिकनही तो तोंडात घेत नसेल, थरथरत असेल, जागच्या जागी लघवी होत असेल. एवढ्या भीतीत काही शिकणं शक्य नसतं. अशा वेळी कधी औषधाची जोड लागते आणि ती पशुवैद्यकानेच द्यायची.

आणि शॉक कॉलर, म्हणजे विजेचा झटका देणारा गळ्यातला पट्टा. दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, ऑनलाइन सहज मिळतो म्हणून. सेलिगमन आणि मायर यांनी १९६७ साली ज्या कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे झटके दिले होते, त्यातले बरेचसे नंतर सुटकेची वाट मोकळी असूनही तिथेच झटके खात पडून राहिले. बाहेरून पाहणाऱ्याला असा कुत्रा 'शांत झाला' असंच दिसेल. त्यातही झटका नेमका भुंकण्याशीच जोडला जाईल याची खात्री नाही. तो दारात उभ्या असलेल्या तुमच्या भाच्याशी जोडला गेला तर? असा पट्टा आधीच विकत घेऊन झाला असेल तर मला बोलावण्याआधी तो काढून ठेवा.

तज्ज्ञाकडे जाताना कॅलेंडर घेऊन जा आणि दोन-तीन बेलांचे व्हिडिओ काढून न्या, दार उघडण्याच्या आधीपासूनचे. दवाखान्यात कुत्रा वेगळाच वागतो, व्हिडिओवरून जास्त कळतं.

माझ्या स्वतःच्या घरची स्थिती विचाराल तर आमचा चिकू बेलला आता मान वर करून चटईवर जातो. पण गेल्या महिन्यापासून तो त्याच्याही आधी भुंकतो: लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबताना जो 'टिंग' आवाज होतो, त्याला. बेलच्या आधी तो टिंग येतो हे त्याने हेरलं. सोमवारपासून मी लिफ्टचा आवाज रेकॉर्ड करून वाटी उंचावर ठेवली आहे. आजची नोंद: चौथ्या पायरीचा आवाज, भुंकणं नाही, एकदा कान हलले.